थर्मामीटरला न दिसणारी उष्णता

इंदुरात पहाटे सहा-साडेसहाला राजवाड्याच्या बाजूला निघालात, तर पोह्यांची गाडी दिसण्याआधी तिच्यावरची वाफ दिसते. थंडीच्या दिवसांत तर जास्तच. खाली गॅसची शेगडी, तिच्यावर मोठं पातेलं, त्यात पाणी खदखदतंय, पातेल्याच्या तोंडावर बसवलेलं पसरट भांडं आणि त्यात पिवळ्याधमक पोह्यांचा डोंगर. आपल्याकडे घरी पोहे फोडणीत परततात आणि एक वाफ आणून उतरवतात. इथे ते सकाळभर त्या पातेल्यावर असतात आणि शेवटच्या गिऱ्हाइकालाही गरम, मऊ मिळतात. वरून शेव, जिरावन मसाला, लिंबू, आणि हातात जलेबी.

मागच्या हिवाळ्यात पुतणीला घेऊन गेलो होतो. ती अकरावीत. आदल्याच दिवशी क्लासच्या परीक्षेत बर्फाची वाफ करण्याचं गणित चुकलं होतं, त्यामुळे स्वारी जरा गप्पच होती. पोहे खाताखाता तिने विचारलं, “काका, हे पाणी केव्हाचं उकळतंय. खाली गॅस चालूच आहे. मग पाणी आणखी गरम का होत नाही? आणि होत नसेल, तर एवढा गॅस जातो कुठे?”

तिचं चुकलेलं गणित आणि हा प्रश्न, दोन्ही एकच आहेत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. या लेखात तेच उलगडून सांगतो. बर्फ, पाणी, वाफ यांच्या उष्णतेचा हिशोब अवघड नाही. त्यात गुणाकार आणि बेरीज यापलीकडे काही नाही. मुलं अडतात ती एकाच ठिकाणी : उष्णता दिली म्हणजे तापमान वाढलंच पाहिजे, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही.

पाण्याला दिलेली उष्णता दोनपैकी एक काम करते. एक तर पाण्याचं तापमान वाढवते, नाहीतर त्याचं रूप बदलते : बर्फाचं पाणी करते किंवा पाण्याची वाफ करते. हवेचा दाब तोच असेल, तर शुद्ध पाण्यात ही दोन कामं एका वेळी होत नाहीत. तापमान चढत असतं तेव्हा रूप तेच राहतं; रूप बदलत असतं तेव्हा पारा जागचा हलत नाही.

आधी पहिलं काम. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक कॅलरी लागते. आजच्या पुस्तकांत हाच आकडा ४.१८६ ज्यूल असा असतो, आणि एका किलोला ४.१८६ किलोज्यूल. याला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. इंदूरच्या शाळांत हिंदी माध्यमाच्या मुलांना हीच ‘विशिष्ट ऊष्मा’ म्हणून भेटते. पाण्याचा हा आकडा फार मोठा आहे. तेवढ्याच वजनाचं लोखंड तेवढंच तापवायला पाण्याच्या नवव्या भागाइतकी उष्णता पुरते, म्हणून तवा चटकन तापतो आणि त्याच शेगडीवर आंघोळीचं पाणी वाट बघायला लावतं. बर्फाचा आकडा पाण्याच्या साधारण निम्मा आहे, किलोला २.०९ किलोज्यूल. वाफेचाही जवळपास तितकाच, २ किलोज्यूल. पदार्थ तोच, पण रूप बदललं की आकडा बदलतो, हे पक्कं लक्षात ठेवा. अर्ध्या चुका इथेच होतात.

हिशोब असा : वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातला फरक. थंडीत टाकीतलं पाणी १५ अंशांवर आहे, गीझर पंधरा लिटरचा आहे आणि आंघोळीला ४५ अंश हवेत. १५ गुणिले ४.१८६ गुणिले ३०, म्हणजे सुमारे १८८४ किलोज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, म्हणून हे झालं अर्ध्या युनिटाच्या थोडंसं वर. गीझर दोन किलोवॅटचा असेल तर तो सेकंदाला दोन किलोज्यूल देतो; ९४२ सेकंद, म्हणजे पावणेसोळा मिनिटं. टाकीच्या भिंतीतून थोडी उष्णता बाहेर जाते, ती वेगळी. इथवर सगळ्यांना जमतं.

आता दुसरं काम. एक किलो बर्फ शून्य अंशांवर आहे. त्याचं शून्य अंशांवरचंच पाणी करायचं आहे. तापमानात फरक शून्य, म्हणून वरचं सूत्र घातलं तर उत्तर शून्य येतं. पुतणीने हेच केलं होतं. पण बर्फ फुकट वितळत नाही. किलोमागे ३३४ किलोज्यूल मोजावे लागतात, म्हणजे ग्रॅममागे ८० कॅलरी. उकळत्या पाण्याची वाफ करायची तर किलोमागे २२५७ किलोज्यूल, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी. या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. इंदूरच्या हिंदी पुस्तकांत ‘गुप्त ऊष्मा’. हिशोब आणखी सोपा, कारण तापमानाचा फरक इथे येतच नाही : वस्तुमान गुणिले अप्रकट उष्मा. संपलं.

ही उष्णता जाते कुठे? बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून ठरलेल्या जागी उभे असतात, जागच्या जागी थरथरत. बर्फ तापवला की थरथर वाढते, आणि थरथर म्हणजेच तापमान. शून्य अंशांवर हात सुटायला लागतात. मग येणारी उष्णता सगळी हात सोडवण्यात खर्च होते, थरथर वाढवायला काही उरत नाही, म्हणून पारा थांबतो. पाणी झालं तरी रेणू एकमेकांना चिकटूनच असतात, फक्त जागा बदलत राहतात. वाफ होताना मात्र ते पूर्ण वेगळे होतात, इतके लांब की उकळबिंदूवरच्या एका लिटर पाण्याची वाफ साधारण सोळाशे ते सतराशे लिटर जागा घेते. थोडी सैल झालेली गाठ आणि पूर्ण तुटलेली गाठ, यांच्या किमतीतला फरक म्हणजे ८० आणि ५४० मधला फरक. आणि ही उष्णता नष्ट झालेली नसते. वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती शेवटच्या कॅलरीपर्यंत परत मिळते. पोह्यांच्या भांड्याच्या बुडाला वाफ लागते, तिथे तिचे थेंब होतात, आणि ग्रॅममागे ५४० कॅलरी भांड्याला देऊन ते थेंब पातेल्यात परत पडतात. पोहे त्या उष्णतेवर गरम राहतात. गॅसची आच थेट लागली असती तर तळचे पोहे केव्हाच करपले असते.

आता पुतणीचं गणित. फ्रीझरमधला बर्फ, उणे १८ अंश, एक किलो. त्याची १२० अंशांची वाफ करायची. अशा वेळी आधी आकडेमोड बाजूला ठेवून कागदावर जिना काढायचा. चढण, सपाट पायरी, चढण, सपाट पायरी, चढण. चढणीवर पहिलं सूत्र, सपाटीवर दुसरं. जिना काढल्याशिवाय मी कुणाला आकड्यांना हात लावू देत नाही.

पहिली चढण बर्फाची, उणे १८ ते शून्य : २.०९ गुणिले १८, म्हणजे ३७.६ किलोज्यूल. मग सपाटी, बर्फाचं पाणी : ३३४. मग पाण्याची चढण, शून्य ते शंभर : ४१८.६. मग दुसरी सपाटी, पाण्याची वाफ : २२५७. शेवटची छोटी चढण वाफेची, शंभर ते एकशेवीस : २ गुणिले २०, म्हणजे ४०. बेरीज ३०८७ किलोज्यूल, म्हणजे विजेचं पाऊण युनिट आणि वर थोडं.

उत्तर आलं म्हणून पुढे जाऊ नका, आकड्यांकडे बघा. पारा तीनदा चढला, उणे १८ पासून १२० पर्यंत, एकूण १३८ अंश. त्या सगळ्या चढण्याला मिळून ४९६ किलोज्यूल लागले. दोन सपाट पायऱ्यांवर, जिथे पारा तसूभर हलला नाही, तिथे २५९१. शंभरातले चौऱ्याऐंशी! थर्मामीटर बघून बसलेल्या माणसाला खर्चाचा सहावा हिस्साच दिसतो. एकट्या वाफ होण्याच्या पायरीने तीन-चतुर्थांशाच्या जवळ उष्णता खाल्ली.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं जोसेफ ब्लॅक यांनी, ग्लासगो विद्यापीठात, १७६० च्या सुमारास. त्यांचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो स्वयंपाकघरातही करता येईल इतका साधा आहे. काचेची दोन सारखी भांडी. एकात गोठायच्या बेतात असलेलं थंड पाणी, दुसऱ्यात तेवढाच बर्फ. दोन्ही एका मोठ्या दालनात टांगून ठेवली. खोलीची हवा दोघांनाही सारख्याच गतीने उष्णता देणार. पाणी अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइट तापलं. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस अर्धे तास. एकवीस साते एकशे सत्तेचाळीस. त्यातले आठ अंश वितळलेलं पाणी तापण्यात गेले. उरलेले १३९ अंश फॅरनहाइट इतक्या तापण्याची उष्णता नुसत्या वितळण्यात गेली. आपल्या मापात ती होते ग्रॅममागे ७७ कॅलरी. आजचा आकडा ८०. घड्याळ आणि थर्मामीटर, बाकी साधन नाही, आणि माणूस एवढ्या जवळ पोचला.

त्याच विद्यापीठात जेम्स वॅट उपकरणं दुरुस्त करत होते. त्यांना दिसलं की थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाण्याला उकळीपर्यंत नेते. हे कोडं त्यांनी ब्लॅक यांच्यापुढे मांडलं तेव्हा त्यांना अप्रकट उष्म्याची गोष्ट कळली. आपण आता ते तोंडी सोडवू शकतो : १० अंशांचं पाणी शंभरावर न्यायला ग्रॅमला ९० कॅलरी, आणि एक ग्रॅम वाफ देते ५४०. नव्वद सक पाचशे चाळीस. जुन्या वाफेच्या यंत्रात सिलिंडर प्रत्येक फेरीला थंड करून पुन्हा तापवला जाई आणि त्यात किती उष्णता वाया जाते हे वॅट यांना कळून चुकलं होतं. वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची कल्पना त्यांना १७६५ मध्ये सुचली.

आता जिना उलटा उतरू. चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू असतं. वाटली डाळ, भिजवलेले हरभरे आणि कैरीचं पन्हं. एप्रिलमधल्या इंदुरात पन्हं थंड करायलाच हवं. पाच लिटर पन्हं आहे, ३२ अंशांवर, आणि ते १० अंशांवर आणायचं आहे. पन्हं म्हणजे पाणीच असं धरू. साखरेमुळे आकडा थोडा कमी येईल, पण फार नाही. पन्ह्यातून काढायची उष्णता : ५००० गुणिले २२, म्हणजे १,१०,००० कॅलरी. शून्य अंशांचा एक ग्रॅम बर्फ त्यातल्या ८० कॅलरी वितळताना घेईल, आणि मग ते पाणी शून्याचं दहा अंश होताना आणखी दहा घेईल. एकूण ९०. भागिले तर १२२२ ग्रॅम, साधारण सव्वा किलो.

याच कामाला बर्फाऐवजी शून्य अंशांचं गार पाणी वापरलं तर? ते ग्रॅमला फक्त दहा कॅलरी घेईल. ११ किलो लागेल! पाच लिटर पन्ह्यात अकरा लिटर पाणी. बर्फ थंड करतो तो मुख्यतः थंड असल्यामुळे नाही, वितळत असल्यामुळे. फ्रीझरमधला उणे १८ चा बर्फ घेतला तरी त्याच्या जास्तीच्या थंडपणाचे ग्रॅमला नऊच कॅलरी मिळतात. सव्वा किलोच्या जागी १११० ग्रॅम लागेल, एवढंच. वहिनी पन्हं करताना ते मुद्दाम घट्ट ठेवतात, साखर-वेलची थोडी चढी, “बर्फाचं पाणी होणारच आहे त्यात” म्हणून. सव्वा लिटर पाणी त्यात पडणार हा हिशोब त्यांच्या हाताला आधीपासून ठाऊक आहे. प्रत्यक्षात पातेलं आणि बाहेरची हवाही उष्णता देत राहते, म्हणून दीड किलो आणावा.

इथे एक सापळा आहे, आणि हुशार मुलं त्यात जास्त अडकतात. गणित असं येतं : २०० ग्रॅम पाणी ३० अंशांवर, त्यात शून्य अंशांचा १०० ग्रॅम बर्फ टाकला, शेवटचं तापमान किती? मुलं झपाट्याने समीकरण मांडतात : पाण्याची ६००० कॅलरी, त्यातून बर्फ वितळायचे ८००० वजा, उरले उणे २०००, भागिले ३०० ग्रॅम. उत्तर उणे ६.७ अंश. आणि खाली दोन रेघा मारून मोकळी होतात.

थांबा आणि ग्लास डोळ्यांसमोर आणा. शून्यावरचा बर्फ आणि गरम पाणी एकत्र केलं आणि दोन्ही शून्याच्या खाली गेली? उष्णता गेली कुणाकडे? तिसरं कुणी तिथे नव्हतंच. चूक गुणाकारात नाही. चूक ही, की सगळा बर्फ वितळणारच असं न विचारता धरलं. आधी विचारायचं : पाणी शून्यावर येईपर्यंत जास्तीत जास्त किती देऊ शकतं? ६००० कॅलरी. बर्फाला पूर्ण वितळायला किती हवेत? ८०००. पैसे कमी पडले. मग सहा हजारात जेवढा वितळेल तेवढा : ६००० भागिले ८०, म्हणजे ७५ ग्रॅम. शेवटी ग्लासात शून्य अंशांचं २७५ ग्रॅम पाणी आणि त्यावर तरंगणारा २५ ग्रॅम बर्फ. तापमान शून्य. मिश्रणाच्या प्रत्येक गणितात हे आधी तपासा : देणाऱ्याकडे आहे किती, आणि घेणाऱ्याची सपाट पायरी ओलांडायला लागतात किती. पुतणीला मी ही एकच गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावली.

सपाट पायरीची ताकद मला मात्र वहीतून कळली नाही. दहा-अकरा वर्षांचा असेन. गणपतीत आई उकडीचे मोदक करत होती. मोदकपात्राचं झाकण उघडायला मी घाईने हात घातला, आणि वाफेचा झोत मनगटावर आला. क्षणभरच. तोवर चहाचं उकळतं पाणी हातावर उडून मी दोन-तीनदा चटके खाल्ले होते, ते संध्याकाळपर्यंत विसरायला व्हायचे. या वेळी कातडी पांढरी पडली, फोड आले, आणि डाग पुढे बरीच वर्षं राहिला. शंभर अंशांचं पाणी आणि शंभर अंशांची वाफ, तापमान एकच. पण एक ग्रॅम उकळतं पाणी शरीराच्या ३७ अंशांपर्यंत येताना ६३ कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० देते आणि मग तेच ६३, म्हणजे ६०३. साडेनऊपट. लहान मुलं घरात असतील तर कुकरचं आणि मोदकपात्राचं झाकण आपल्यापासून लांबच्या कडेने उचलायला शिकवा, वाफ पलीकडे जाऊ द्या. मोदक दहा-बारा मिनिटांत उकडतो तो याच ५४० वर.

वाफ व्हायला पाणी उकळावंच लागतं असं नाही. माठातलं पाणी बाहेर झिरपतं आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत पृष्ठभागावरून गुपचूप उडून जातं. उकळबिंदूच्या खाली वाफ होताना किंमत थोडी जास्तच पडते, ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी, आणि ती वसूल होते माठातल्या उरलेल्या पाण्याकडून. दहा लिटरच्या माठातून २०० ग्रॅम पाणी उडालं तर १,१६,००० कॅलरी गेल्या. दहा हजार ग्रॅममध्ये वाटल्या तर साडेअकरा अंश. बाहेरची गरम हवा सतत उष्णता आत ढकलत असते, म्हणून हातात तेवढं पडत नाही, पण ग्लासभर पाणी उडून माठभर पाणी गार होतं हे खरं. माळव्याची उन्हाळी रात्र सुखद म्हणून तिची ख्याती आहे. तशा रात्री गच्चीवर ठेवलेल्या माठाची चव सकाळी घेऊन पाहा.

कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच. दिवसभरात टाकीतलं चाळीस लिटर पाणी उडालं, तर चाळीस गुणिले २४३०, म्हणजे ९७,२०० किलोज्यूल उष्णता हवेतून ओढली गेली. विजेच्या मापात २७ युनिटं. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने पाच तास चालला तर खोलीतून तेवढी उष्णता बाहेर काढतो. फरक इतकाच की कूलर ती वाफेच्या रूपात हवेतच ठेवतो. म्हणून खिडकी उघडी लागते, आणि म्हणूनच पाऊस सुरू झाला, हवेत आधीच ओल आली, की कूलर उपयोगाचा राहत नाही.

आणि एसीचा ‘टन’? तो एसीच्या वजनाचा टन नाही. तो बर्फाचा टन आहे. यंत्रं येण्याआधी बर्फाच्या लाद्यांनी थंडावा विकत घेतला जाई, त्या काळचं हे माप. शून्य अंशांचा एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल, तेवढी ओढणारं यंत्र एक टनाचं. ९०७ गुणिले ३३४, भागिले एका दिवसाचे ८६,४०० सेकंद : सेकंदाला साडेतीन किलोज्यूल, म्हणजे साडेतीन किलोवॅट. बाजारातल्या प्रत्येक एसीच्या खोक्यावर ब्लॅक यांचा तो टांगलेला बर्फ आहे, लोकांना फक्त माहीत नाही.

इंदूरकरांसाठी एक खुलासा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी शंभरावर नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. परीक्षेत शंभरच धरा. घरी थर्मामीटर घालून पाहिलंत आणि तो ९८ वर थांबला, तर तो बिघडलेला नाही. कुकरमध्ये याच्या उलट होतं : दाब वाढतो, उकळबिंदू १२० अंशांजवळ जातो, आणि डाळ लवकर शिजते.

आता पुन्हा त्या गाडीवर. समजा पातेल्यात आठ लिटर पाणी आहे, पहाटेचं, २० अंशांवर. उकळीपर्यंत न्यायला ८ गुणिले ४.१८६ गुणिले ७८, म्हणजे सुमारे २६०० किलोज्यूल. मग तीन तासांत त्यातलं चार लिटर वाफ होऊन उडालं. ९८ अंशांवर वाफ होण्याची किंमत किलोला २२६० किलोज्यूल. चार लिटरचे ९०४०. पाणी तापवण्यापेक्षा साडेतीनपट. पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर हेच : गॅस पाणी आणखी गरम करण्यात गेला नाही, वाफ करण्यात गेला. घरच्या भाजीलाही हेच लागू आहे. एकदा उकळी फुटली की आच मोठी ठेवून भाजी लवकर शिजत नाही, कारण पाणी ९८ च्या वर जातच नाही. जास्तीचा सगळा गॅस छताकडे जाणारी वाफ होतो. उकळी आली की आच बारीक करून झाकण ठेवा. महिनाअखेरीला सिलिंडरमध्ये फरक दिसतो.

मी हे सगळं पेपर नॅपकिनवर मांडत होतो. गाडीवाल्याचं पातेल्यातलं पाणी कमी झालं होतं. त्याने बाजूच्या बारीक आचेवरच्या केटलीतलं पाणी लोट्यात घेतलं आणि पातेल्यात ओतलं. नळाची बादली त्याच्या पायाशीच होती. पुतणीने विचारलं, ते का नाही घातलं? तो हात न थांबवता म्हणाला, “ठंडा डालो तो भाप बैठ जाती है.”

तिने नॅपकिन माझ्याकडून ओढून घेतला. पातेल्याखालच्या आचेवर तीन तासांत ९०४० किलोज्यूल पाण्यात जातात, म्हणजे सेकंदाला ०.८४. नळाचं अर्धा लिटर, २० अंशांचं, उकळीला आणायला १६३ किलोज्यूल. भागाकार केला : १९४ सेकंद. सव्वातीन मिनिटं पातेल्यातून वाफ नाही. केटलीतलं पाणी ८० अंशांवर असेल तर अर्ध्या लिटरला ३८ किलोज्यूल, म्हणजे ४५ सेकंद. तेवढ्यात त्याने दोन प्लेटींवर शेव भुरभुरली, लिंबू पिळलं, पैसे घेतले, आणि भांड्याच्या कडेने वाफ पुन्हा वर यायला लागली.